वडिलांची पगारपावती

१ मे हा दिवस आपल्या दारी तीन वाटांनी येतो. राज्याचा तो स्थापनादिन, जगाचा कामगारदिन, आणि पोप पायस बारावे यांनी १९५५ साली ठरवून दिल्यापासून कामकरी संत योसेफ यांचा सण. अंधेरी पूर्वेच्या ज्या धर्मग्रामात मी सध्या सेवा करतो, तेथे या दिवशी सकाळच्या मिस्साला सुतार, गवंडी, रिक्षाचालक, परिचारिका अशी मंडळी आपापल्या कामाची हत्यारे घेऊन येतात आणि ती वेदीपुढे ठेवतात. मागल्या वर्षी कुणी रंधा ठेवला, कुणी थर्मामीटर, एका मुलाने मोबाइल फोन ठेवला. तो घरोघर पार्सले पोचवतो. त्याचे हत्यार तेच.

त्या दिवशी मी प्रवचनासाठी द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला घेतला होता. दिवस मावळताना कामाला लागलेल्यांनाही धनी पूर्ण दिनार देतो, ही गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. एक दिनार म्हणजे त्या काळी एका कुटुंबाच्या एका दिवसाचा गुजारा. धन्याने घड्याळाकडे न पाहता घरी वाट पाहणाऱ्या तोंडांकडे पाहिले, असा मी अर्थ लावला. पुढे ओघात पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाचा उल्लेख केला. कामगाराने गरजेपोटी कमी पगार मान्य केला, म्हणजे तो करार न्याय्य ठरला असे होत नाही, हा त्यातला विचार समजावून सांगितला. प्रवचन बरे वठले होते. हे मी अभिमानाने सांगत नाही, पुढचे नीट कळावे म्हणून सांगतो.

मिस्सा आटोपल्यावर मी दाराशी लोकांना भेटत उभा होतो. आमच्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. घाटकोपरच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली आणि सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“प्रवचन छान झालं, फादर. एक विचारू? आपल्या गेटवर जो पोरगा उभा असतो, त्याला मिळतो का हो एक दिनार?”

मी हसलो. म्हणालो, “ते एजन्सीकडे असतं, अंकल. आपण एजन्सीला पैसे देतो.”

“अस्सं,” ते म्हणाले, आणि काठी टेकीत निघून गेले.

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते ओळखीचे वाटले. हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या कार्यालयात, खिडकीच्या दुसऱ्या बाजूस उभा राहून ऐकले होते.

माझे वडील फिटर होते. आमचे घर वसईचे. वाडीतली केळी आणि पानवेल चुलत्यांत वाटली गेली होती, तेव्हा घराचा भार वडिलांच्या नोकरीवर होता. पहाटे वसई रोडला गाडी पकडून ते अंधेरीला उतरत आणि तेथून अंधेरी-कुर्ला रस्त्याने बेस्टच्या बसने साकीनाक्याच्या अलीकडे असलेल्या आपल्या कारखान्यात जात. त्या कारखान्याचे नाव येथे नको. तेव्हा मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले कारखाने, असे सारे उपनगर भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर जेवे.

वडील वारले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एका रबरबँडमध्ये बांधलेल्या पगारपावत्या सापडल्या. बाकीच्या आईने चुलीत घातल्या. एक मी ठेवून घेतली, ती माझ्या प्रार्थनापुस्तकात असते. ऑगस्ट १९८६. मूळ पगार ६१० रुपये, महागाई भत्ता ९४०, घरभाडे ८५, प्रवास ४०. भविष्यनिर्वाह निधी वगैरे कापून हातात १,५१२ रुपये. एवढ्या पगारात आम्ही पाच भावंडे शिकलो, एका बहिणीचे लग्न झाले, घरावर मंगलोरी कौले चढली, आणि मी धाकटा गोरेगावच्या सेमिनरीत गेलो तेव्हा ‘पोरगा कमावता झाला असता’ हे वाक्य घरात कुणी उच्चारले नाही. एका मुलावर पाणी सोडण्याची ऐपत त्या पगारात होती. माझ्या पाचारणाच्या गोष्टीत वडिलांच्या युनियनचाही वाटा आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

पावतीवरची एक बाब वाचकांनी नीट पाहावी. महागाई भत्ता मूळ पगाराहून दीडपट आहे. हा भत्ता कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असे. डाळ महागली, निर्देशांक चढला, की पगार आपोआप चढे. त्यासाठी साहेबापुढे उभे राहावे लागत नसे. ही गाठ कुणी दयेने बांधून दिली नव्हती. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाच्या गरजेवर किमान वेतन कसे काढावे याचे माप घालून दिले होते: कमावत्याला तीन माणसे पोसायची धरून प्रत्येकी २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. पण माप कागदावर असते. ते पगारपावतीवर उतरते, ते गेटबाहेर माणसे एकत्र उभी राहतात तेव्हा.

त्या काळी गेटबाहेर उभे राहणाऱ्यांत डॉ. दत्ता सामंत यांचे नाव सर्वांत मोठे होते. घाटकोपरला पंतनगरात दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरने दगडखाणींतल्या मजुरांपासून सुरुवात केली आणि उपनगरांतल्या इंजिनिअरिंग कारखान्यांत पगाराचे असे करार घडवून आणले की, मालकांची झोप उडाली. वडिलांना ते फारसे पसंत नव्हते. “हा माणूस हिशेब बघत नाही,” असे ते म्हणत, आणि गेटसभेला मात्र न चुकता थांबत. १८ जानेवारी १९८२ रोजी सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही. सामंतांच्या आडमुठेपणाला त्याचा दोष देणारे पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु यंत्रे जुनी ठेवून नफा अन्यत्र वळवणारे मालक, भिवंडीच्या मागांवर स्वस्तात कापड विणून घेण्याची सोय, आणि कामगारांना नको असलेलीच संघटना मान्यताप्राप्त ठरवणारा १९४६ चा कायदा, ही कारणे संपाआधीपासून तेथे होती. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या दिवशी मी घरी होतो. वडिलांनी रेडिओ बंद केला आणि जेवले नाहीत.

तोवर त्यांचा कारखानाही बंद झाला होता. बंद होण्याची रीत सगळीकडे सारखीच होती, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी सुटे भाग बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांत करून घेऊ लागले, मग नवी भरती थांबली आणि साफसफाई, कँटीन, माल चढवणे-उतरवणे ही कामे ठेकेदाराकडे गेली, मग टाळेबंदी, मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, ज्यात स्वेच्छा तेवढी नव्हती. शेवटच्या हिशेबासाठी वडील वर्षभर खेटे घालीत होते. एकदा मी सेमिनरीतून रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीतला तरुण कारकून मला म्हणाला, “ते आमच्याकडे नाही. ते आता एजन्सी बघते.” वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती. ती टोपी मला अद्याप दिसते.

आज त्या जागी काचेची इमारत उभी आहे. २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून जाताना ती डाव्या हाताला दिसते. मी दर वेळी मान वळवतो. आत संगणकावर कामे चालतात आणि कामावर येणाऱ्यांची संख्या वडिलांच्या कारखान्याहून अधिक असावी. आमच्या धर्मग्रामातलीही काही मुले तेथे आहेत. त्यांतला एक बी.कॉम. झालेला मुलगा विवाहाची नोंदणी करायला आला आणि दोनदा तारीख पुढे ढकलून गेला. २०१६ साली तो १८,००० रुपयांवर लागला, आज त्याला २२,००० मिळतात, आणि ज्या कंपनीच्या खुर्चीवर तो बसतो त्या कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही. नालासोपाऱ्याच्या एका खोलीची अनामत भरायची, की लग्नाचा खर्च करायचा, एवढाच त्याचा प्रश्न. त्याची वाग्दत्त वधू शेजारी बसून नखे कुरतडत होती. मी त्यांना संयमाचे महत्त्व सांगितले. आता आठवले की संकोच वाटतो.

आता गेटवरच्या मुलाकडे वळतो. १ मेच्या त्या संध्याकाळी मी करारांची फाइल काढली. सुरक्षा सेवेचा करार २०२१ साली झालेला, नंतर त्याच दराने पुढे वाढवलेला. तीन एजन्सींची दरपत्रके मागवली होती, त्यांतले सर्वांत कमी दराचे आर्थिक समितीने निवडले होते, आणि खाली माझी सही होती. सभेच्या इतिवृत्तात माझे वाक्यही नोंदले आहे: वाचणारी रक्कम छपराच्या दुरुस्तीला लावता येईल. एका रक्षकामागे आम्ही एजन्सीला दरमहा १९,८०० रुपये व वर कर देत होतो. दोन रक्षक, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. त्यांच्या हाती काय पडते, हा रकाना कागदावर नव्हताच. तो असावा असे कुणाला वाटलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर मी गेटवर गेलो. मुलगा स्टुलावरून उठून उभा राहिला. जालन्याकडचा, सव्वीस वर्षांचा. तो आपल्या धर्माचा नाही, मला फादरसाहेब म्हणतो.

“बस रे. पगार किती मिळतो तुला?”

तो घाबरला. काही तक्रार आली का, असे त्याने विचारले. तक्रार नाही हे पटवायला पाच मिनिटे गेली.

“साडेतेरा हजार, फादरसाहेब. खाडा झाला तर कापतात.”

“आणि सुट्टी?”

“सुट्टी नसते ना.”

“पावती देतात का?”

“मोबाइलवर मेसेज येतो. बँकेचा.”

खोलीवर आल्यावर मी वडिलांची पावती आणि एक कोरा कागद घेऊन बसलो. कामगारांचा निर्देशांक १९८६ पासून आजवर सुमारे चौदा पट झाला आहे. त्या हिशेबाने वडिलांच्या हाती पडणारे १,५१२ रुपये आजचे एकवीस हजारांच्या वर होतात. ते दिवसाला आठ तास, महिन्याला सव्वीस दिवस काम करीत. म्हणजे आजच्या पैशांत तासाला शंभर रुपये. आमचा रक्षक दिवसाला बारा तास, महिन्याचे तीस दिवस उभा राहतो, तासाला साडेसदतीस. वडील कुशल कामगार होते आणि हा अकुशल, हे मान्य. परंतु वडिलांच्या कारखान्यात गेटवर जो रखवालदार असे, तोही कायम होता, त्यालाही भत्ता आणि बोनस होता, आणि दिवाळीला तो आमच्या घरी फराळाला येई. त्याला गावी पक्के घर बांधता आले. आमच्या या मुलाला गावी पैसे पाठवून जे उरते, त्यात असल्फ्याच्या टेकडीवर सहा जणांत एक खोली, आळीपाळीने झोप.

आठ तासांनंतरच्या कामाला दुप्पट दर द्यावा असे कायदा म्हणतो. तो धरला तर त्याचा पगार पुष्कळ वर जायला हवा होता. किमान वेतनावरचा विशेष भत्ता सहामाहीला वाढतो. आमचा करार मात्र २०२१ च्या आकड्यावर गोठलेला. गोठवणारा मी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेल्या श्रमाला वेठबिगार म्हटले होते. हा शब्द आजवर मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

सेमिनरीत आम्हांला ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ हे पोप जॉन पॉल दुसरे यांचे परिपत्रक अभ्यासाला होते. ते सप्टेंबर १९८१ मध्ये निघाले, गिरण्यांचा संप सुरू होण्याच्या चार महिने आधी. कामगाराशी जो थेट करार करतो तो एक मालक. आणि थेट करार न करताही ज्यांच्या निर्णयांनी कामगाराच्या अटी ठरतात, ते अप्रत्यक्ष मालक. जबाबदारी दोघांवर, अशी मांडणी त्यात आहे. या प्रश्नावर मला परीक्षेत चांगले गुण मिळाले होते. १९७१ सालच्या बिशपांच्या सिनडनेही सांगून ठेवले आहे की, न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असावे.

हे सारे आपल्याच दारिद्र्याचे लक्षण आहे, असे एके काळी मला वाटे. मग २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील धर्मगुरू रजेवर गेले असता मी महिनाभर टेक्सासमधील एका धर्मग्रामात मदतीला होतो. इतके प्रशस्त पार्किंग मी आपल्याकडे विमानतळावरही पाहिले नाही. तेथील सभागृह झाडायला एक मेक्सिकन बाई येत, पन्नाशीच्या. सकाळी एका हॉटेलात, रात्री आमच्याकडे. त्याही एजन्सीच्या. तासाला नऊ डॉलरच्या आसपास मिळत आणि गाडीच्या पेट्रोलला, आजारी नवऱ्याच्या औषधाला ते पुरत नसत. अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन जुलै २००९ मध्ये तासाला सव्वासात डॉलर झाले आणि त्यानंतर केंद्राने ते बदललेले नाही. काही राज्यांनी आपले वाढवले, टेक्सासने नाही. महागाई वजा केली तर १९६८ साली ते आजच्याहून बरेच अधिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे पंचवीस वर्षे तेथे कामगाराचे उत्पादन आणि कामगाराचा पगार हातात हात घालून वाढले. सत्तरच्या दशकात हात सुटले. उत्पादन पुढे गेले, पगार मागे राहिला, मधली वाढ वर बसलेल्यांनी घेतली. गंमत अशी की, कुटुंबाला पुरेल अशा वेतनाचा नैतिक आधार मांडणारे पुस्तक त्या देशात १९०६ साली एका कॅथलिक धर्मगुरूनेच लिहिले होते. मिनेसोटातील शेतकऱ्याचा मुलगा, फादर जॉन रायन. आणि तेथील बिशपांनी १९८६ साली, म्हणजे माझ्या वडिलांच्या पावतीच्याच वर्षी, अर्थव्यवस्थेवर मेषपालपत्र काढून ख्रिस्तसभेनेही मालक म्हणून आदर्श घालून द्यावा असे बजावले होते. बाईंच्या पगारापर्यंत ते पत्र पोचले नव्हते.

आपल्याकडची आकडेवारीही त्याच दिशेने बोट दाखवते. संघटित कारखान्यांतील दर दहा कामगारांपैकी चार आता ठेकेदाराचे आहेत. २०२४-२५ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीनेच नोंदवले की, मोठ्या कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला आणि पगार त्या मानाने हलले नाहीत. २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला, असे पिकेटी प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी काढले. ठेका पद्धतीचे नियमन व निर्मूलन करणारा कायदा आपल्याकडे १९७० साली झाला होता; नियमन थोडे झाले, निर्मूलन राहिले. मात्र याच मुंबईत वेगळे घडलेलेही आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांचा पगार ठेकेदाराच्या हातून काढून मंडळाकडे दिला. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या २,७०० ठेका कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे झगडून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून कायम नोकरी मिळवली. तेव्हा ‘बाजाराचा हाच भाव आहे, आपण काय करणार’ हे वाक्य पूर्ण खरे नाही.

हेच वाक्य आमच्या आर्थिक समितीत प्रथम उच्चारले गेले. जूनमध्ये मी विषय मांडला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य अत्यंत सज्जन आहेत, ते म्हणाले, “फादर, भावनेच्या भरात निर्णय नकोत. आपण अधिक दिले तरी एजन्सी त्याला देणार नाही.” हे बरोबर होते. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या कायद्याने स्थापन झालेले मंडळ आहे, तेथून रक्षक घ्यावेत, असे दुसऱ्यांनी सुचवले. तेही योग्य, पण मग हे दोघे जातात. अखेरीस एजन्सी सोडून रक्षक थेट आपल्याकडे नेमावेत, आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात, आणखी एक माणूस घ्यावा, प्रत्येकी वीस हजार, निधी, विमा, आठवड्याची सुट्टी, यावर गाडी आली. खर्च महिन्याला पंचवीस-तीस हजारांनी वाढणार होता. छपराची दुरुस्ती आणखी एक पावसाळा पुढे गेली, सणाची रोषणाई निम्मी झाली. रोषणाईवरून पुष्कळ बोलणे झाले. न्याय्य वेतनावरून झाले नसेल इतके.

मी मोठ्या उमेदीने ही बातमी गेटवर सांगायला गेलो. मुलाने ऐकून घेतले, आणि आधी विचारले, “आठच तास?”

“हो. बाकी वेळ तुझा.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग चार तास दुसऱ्या गेटवर उभा राहीन, फादरसाहेब. समोरच्या सोसायटीत माणूस पाहिजे आहे. बहिणीचं लग्न आहे.”

मला राग आला. आमच्या त्यागाचा हा असा उपयोग! खोलीवर परतेपर्यंत तो उतरला, कारण वडीलही १९८७ साली, मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी, रविवारी वसईत पंप दुरुस्त करायला जात. त्यांना मी कधी विचारले नव्हते.

नवी व्यवस्था ऑगस्टपासून सुरू झाली. दोघांनाही एजन्सीने आधी पंधरा दिवसांचा पगार अडवून धरला, तो सोडवण्यात एक महिना गेला. छप्पर अपेक्षेप्रमाणे गळले. उजव्या ओळीतील तिसऱ्या खांबाशी बादली असते आणि तेथल्या बाकावरची कुटुंबे डावीकडे सरकली आहेत. बी.कॉम. झालेल्या मुलाचे लग्न मात्र अद्याप ठरलेल्या तारखेवर आलेले नाही. त्याच्या पगाराला आमच्या समितीचे हात पोचत नाहीत.

पहिल्या पगाराच्या दिवशी रक्षकाच्या हातात आम्ही छापील पावती दिली. मूळ पगार, भत्ता, निधी, विमा, निव्वळ रक्कम. त्याने ती उलटसुलट पाहिली, निधी म्हणजे पैसे कुठे जातात ते विचारले, आणि घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये मागे ठेवली.

अंकल त्या रविवारी भेटले. त्यांना सगळे कळलेले होते; धर्मग्रामात कळते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी माझा हात हातात घेतला.

“बरं झालं, फादर. आणि शाळेत झाडू मारणाऱ्या त्या चार बायका? त्यापण एजन्सीच्याच ना?”

तो करार मार्चअखेर संपतो. फाइल मी मागवून घेतली आहे.